मेलेली गाडी कोण ओढणार?

गावात जनावर मेले की महारवाड्यात सांगावा यायचा. ज्याच्या गोठ्यात ते मेले त्याने त्याचे दूध विकलेले असायचे, त्याच्या खांद्यावर जू ठेवून शेत नांगरलेले असायचे, पोळ्याला त्याच्या शिंगांना बेगड लावून पुरणपोळी चारलेली असायची. जीव होता तोवर ते देव. जीव गेला की त्याच मालकाला त्याचा विटाळ. मग ते ओढायचे कोणी? ज्यांनी त्याचे दूध कधी चाखले नाही त्यांनी.

आज कोणत्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये जाऊन बघा. खंडेनवमीला गाड्या धुतल्या जातात, झेंडूचे हार चढतात, चाकाखाली लिंबू फुटते. (त्याच दिवसांत आमची माणसे दीक्षाभूमीच्या गाडीत जागा मिळते का ते बघत असतात, ते असो.) आणि पंधरा दिवसांनी दिवाळीची साफसफाई निघाली की जिन्याखालची जुनी बॅटरी, गुळगुळीत झालेले टायर, गळका रेडिएटर आणि काळ्या ऑइलचा कॅन यांच्याकडे बोट दाखवून म्हटले जाते, "ती घाण आधी काढा." मेकॅनिक सांगतो, "बॅटरी डेड झाली." बरोबरच आहे. डेड म्हणजे मेलेली. आणि मेलेले उचलणारा माणूस या देशात आधीच ठरलेला असतो.

हा लेख गाडीच्या जुन्या भागांबद्दलच आहे. मित्रांनो, लगेच कपाळाला आठ्या घालू नका. आंबेडकरी चळवळीने भंगारावर का बोलावे, असा प्रश्न आमच्या अभ्यासवर्गातही एकाने विचारला होता. त्याचे उत्तर पुढे येईलच.

आमच्या घरातही हा ढीग होता. वडिलांनी निवृत्तीनंतर एक जुनी व्हॅन घेतली होती. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर पुस्तकांचा स्टॉल, १ जानेवारीला भीमा कोरेगाव, मध्येच कुणाचे बाळंतपण, कुणाचा मुडदा, सगळे त्या व्हॅनने वाहिले. व्हॅन गेली तरी तिचे अवयव घरी राहिले, कारण वडिलांच्या पिढीला काही टाकवत नाही. दोन बॅटऱ्या, स्टेपनी धरून पाच टायर, सायलेन्सर, रेडिएटर, एका डब्यात झिजलेले ब्रेक शू आणि सहा-सात लिटर जळके ऑइल. यंदा छताची गळती काढायची म्हणून गॅलरी रिकामी करायची वेळ आली आणि प्रश्न पडला की हे जायचे कुठे? ज्याला विचारावे तो एकच सांगे, भंगारवाल्याला द्या. पैसेही येतील.

हे उत्तर चुकीचे आहे असे आम्ही म्हणत नाही. भंगारवाला नसता तर ही शहरे केव्हाच आपल्याच उकिरड्याखाली गाडली गेली असती. आमचा मुद्दा वेगळा आहे. 'भंगारवाल्याला द्या' म्हणणाऱ्याच्या डोक्यातला प्रश्न तिथे संपतो आणि वस्तूचा खरा प्रवास तिथून सुरू होतो. तो प्रवास ज्या हातांतून होतो त्या हातांची जात शोधली की समाजशास्त्राचे पुस्तक उघडावे लागत नाही.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी काय वापरावे याची यादी आहे. प्रेतावरचे कपडे, फुटकी भांडी, लोखंडाचे दागिने. त्याच अध्यायात सेवा करणाऱ्या शूद्राला उष्टे अन्न, जुनी वस्त्रे आणि घरातले जुनेपाने सामान द्यावे असेही सांगितले आहे. म्हणजे टाकाऊ वस्तू कुठे जाव्यात याचा कायदा या देशात महानगरपालिका जन्माला येण्याच्या कितीतरी आधी लिहिला गेला होता. वस्तू जिथे जाते तिथे माणूस आधीच बसवून ठेवलेला होता. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला हे पुस्तक जाळले. पुढे १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये त्यांनी दाखवून दिले की जात ही नुसती कामांची वाटणी नाही, ती काम करणाऱ्या माणसांचीच उतरंड लावून केलेली वाटणी आहे. भंगाराचा धंदा हे त्याचे चालते-बोलते उदाहरण.

पुण्याचे बघा. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून, सोलापूरकडून जी कुटुंबे शहरात आली त्यांत भूमिहीन मातंग, महार मोठ्या संख्येने होते. शहराने त्यांना काय दिले? कचराकुंडी. १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, डॉ. बाबा आढावांसारखे नेतृत्व मिळाले, तेव्हा कुठे या बायांना ओळखपत्र आणि 'कामगार' हा शब्द मिळाला. २००८ पासून 'स्वच्छ' सहकारी संस्थेमार्फत त्या घरोघर कचरा गोळा करतात. बहुसंख्य सभासद दलित स्त्रिया. हे काम आम्ही मोठे मानतो. पण त्या साखळीत वर वर चढत जा. वेचणारी, मग फेरीवाला, मग दुकान, मग मोठे गोदाम, मग भट्टी, मग कारखाना. दुकान-गोदामांत मुस्लिम बांधव बरेच आहेत, परप्रांतातून आलेली पोरे आहेत. कारखाना कुणाचा, हे सांगायला नको. विष खाली राहते, काटा मधे असतो आणि नफा वर जातो.

आता विषाबद्दल, कारण गाडीच्या सगळ्या भागांत बॅटरी ही सर्वांत घातक आणि गंमत म्हणजे सर्वांत किमती. गाडीच्या बॅटरीत निम्म्याहून जास्त वजन शिशाचे असते. आत सहा कप्पे, प्रत्येकात शिशाच्या आणि शिशाच्या ऑक्साइडच्या प्लेटा, त्या बुडालेल्या गंधकाम्लात. कारखान्यात हे फोडताना आम्ल वेगळे काढून निष्प्रभ करतात, धुराला गाळण्या लावतात, कामगारांचे रक्त तपासतात. भट्टीवाल्याला यातले काहीच लागत नाही. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. म्हणजे कोळशाची भट्टी आणि एक लोखंडी कढई पुरते. हातोड्याने बॅटरी फोडायची, आम्ल नाल्यात ओतायचे, प्लेटा कढईत टाकायच्या. वर राखाडी साय येते ती पळीने बाजूला सारायची, खाली चकाकणारे शिसे साच्यात ओतायचे. त्याची वीट झाली की ती कोणत्या बॅटरीची, कुणाच्या फुप्फुसातून आली, हे कुणी विचारत नाही.

आम्ही हे वाचून सांगत नाही. आमच्या कामाच्या वस्तीमागे, नाल्याच्या कडेला, असे पत्र्याचे शेड आहे. तिथे एक पोरगा काम करतो. पंधरा वर्षांचा. नववीत शाळा सुटली. घातक कामावर अठरा वर्षांखालचे मूल ठेवता येत नाही असे बालकामगार कायद्याची २०१६ ची दुरुस्ती सांगते. शेडला ती कुणी सांगितलेली नाही. पोरगा सतत पोट दुखते म्हणतो, चिडचिड करतो, निजायच्या आधी हातपाय धुतो पण जेवायच्या आधी नाही. त्याच्या शर्टाची राख घरात येते. घरात दोन वर्षांची भाची आहे आणि ती रांगून-चालून तीच बोटे तोंडात घालते.

शिशाचे गणित असे आहे की तोंडावाटे तेवढेच शिसे गेले तरी लहान मुलाचे शरीर ते मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शोषते. अंगात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर आणखी जास्त. म्हणजे ज्या मुलाच्या ताटात दूध नाही, अंडे नाही, त्याच्या हाडात शिसे जागा करते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी नाही. ते मेंदूवर बसते. लक्ष लागत नाही, आठवत नाही, शिकलेले टिकत नाही. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालात जगातल्या दर तीन मुलांमागे एकाच्या रक्तात शिसे ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून जास्त असल्याचा अंदाज दिला आहे. जगात सुमारे ८० कोटी मुले, त्यांतली २७ कोटींहून अधिक भारतात. आणि शिसे पसरण्याच्या मोठ्या कारणांत जुन्या बॅटऱ्यांचे हे उघड्यावरचे वितळवणे.

आता अभ्यासवर्गातल्या त्या प्रश्नाचे उत्तर. बाबासाहेबांनी आपल्याला दिलेला पहिला शब्द 'शिका' हा आहे. शिसे नेमके त्याच शब्दावर घाव घालते. शिष्यवृत्ती बंद झाली की आपण मोर्चा काढतो, काढलाच पाहिजे. पण जे विष पोराला पहिलीत जायच्या आधीच मागे टाकते त्याबद्दल आपल्या एकाही निवेदनात ओळ नसते.

त्या पोराच्या आईला आम्ही आक्का म्हणतो. ती घरोघर कचरा घेते. आम्ही शेड बंद करण्याची भाषा केली तेव्हा तिने शांतपणे विचारले, "ताई, तुम्ही बॅटरी शोरूमला द्याल. माझ्या पोराची हजेरी कोण देईल?" हा प्रश्न टाळून पर्यावरणाच्या गप्पा मारणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी कचरा हा प्रश्न आहे आणि कचरावेचक ही त्या प्रश्नाची अडगळ. आम्हाला आक्काच्या प्रश्नाला भिडणे भाग आहे, कारण तो जुना आहे आणि त्याचे उत्तरही आपल्याकडे आहे.

१५ ऑक्टोबर १९५६ रोजी, दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढण्याचा विषय काढला होता. महारांनी हे काम सोडले तेव्हा 'केसरी'तून त्यांना उत्पन्नाचा हिशोब दाखवला गेला होता. शिंगे, हाडे, कातडे यांचे एवढे पैसे येतात, ते का सोडता? बाबासाहेबांचा जबाब थोडक्यात असा की एवढा फायदा असेल तर तो तुम्हीच घ्या, ढोरे तुम्हीच ओढा. या जबाबातला उपहास सगळ्यांना कळतो. त्यातला अर्थशास्त्राचा भाग निसटतो. ज्या कमाईची किंमत माणूसपण देऊन चुकवावी लागते ती कमाई हिशोबात धरायचीच नाही, असे ते सांगत होते. २०१६ च्या जुलैमध्ये उना इथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या तरुणांना मारले गेले, तेव्हा गुजरातच्या दलितांनी सुरेंद्रनगरच्या जिल्हाधिकारी कचेरीपुढे मेलेली जनावरे आणून टाकली आणि जमीन मागितली. काम सोडले आणि बदल्यात साधन मागितले. दोन्ही एकदम.

बॅटरीच्या बाबतीत तसेच करायला हवे. फोडण्याचे, वितळवण्याचे काम आपल्या पोरांनी सोडायचे आणि गोळा करणे, वजन करणे, वाहून नेणे, विकणे या कामांवरचा हक्क मागायचा. बुद्धाने सम्यक आजीविका सांगताना उपासकाने जे पाच व्यापार करू नयेत म्हटले त्यांत शस्त्रांचा आहे, प्राण्यांचा आहे, मांसाचा आहे, मद्याचा आहे आणि विषाचा आहे. विषाचा व्यापार म्हणजे कुणी पुडी विकतो असे नव्हे. दोन पैसे जास्त मिळतात म्हणून भट्टीला बॅटरी विकणारा गाडीमालक हाही विषाचाच व्यापारी, मग तो पंचशील म्हणत असो वा हनुमान चालिसा.

धोका कशात आहे हे टाकणाऱ्याला कळते, उचलणाऱ्याला कळत नाही, हे दिल्लीच्या मायापुरीने दाखवून दिले. मायापुरी हा गाड्यांच्या सुट्या भागांचा, लोखंडाचा अवाढव्य भंगार बाजार. २०१० साली तिथे दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाने लिलावात काढलेले एक जुने यंत्र पोहोचले. आत कोबाल्ट-६० होते. भंगार कामगारांनी ते उघडले. अनेकांना किरणोत्सर्गाची बाधा झाली, एक जण मेला. त्या विभागात किती डॉक्टरेट असतील, विचार करा.

कायद्याचे म्हणाल तर तो आहे. २००१ पासून बॅटऱ्यांचे नियम होते, ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांची जागा नव्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी घेतली. त्यानुसार बॅटरी बनवणाऱ्या कंपनीवरच ती परत गोळा करून पुनर्प्रक्रियेची जबाबदारी आहे. गाडीमालकाने ती इतर कचऱ्यात न मिसळता अधिकृत गोळा करणाऱ्याकडे किंवा पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे द्यायची आहे. बॅटरीवर फुली मारलेल्या कचरापेटीचे चित्र असते ते त्यासाठीच. पण कंपन्यांची ही जबाबदारी कागदावर प्रमाणपत्रांच्या खरेदी-विक्रीने पुरी होते आणि त्या बाजारात आक्काला जागा नाही. १ एप्रिल २०२५ पासून आयुर्मान संपलेल्या गाड्यांचेही वेगळे नियम लागू झाले आहेत. अख्खी गाडी मोडायची तर ती नोंदणीकृत केंद्रातच. अशी केंद्रे काढायला जागा आणि भांडवल लागते. आता या धंद्याला 'उद्योग' म्हणू लागले आहेत आणि तो उद्योग होताच त्याचे मालक बदलू लागले आहेत. घाण होती तोवर आपली, सोने झाले की त्यांची.

आम्ही आमच्या दोन बॅटऱ्या घेऊन एका दुकानात गेलो. नवी घेतली तर जुनीचे पैसे वजा करू म्हणाले, नुसती जुनी द्यायची तर किलोवर भाव. भाव ठीक होता. आम्ही विचारले, ही पुढे कुठे जाते? दुकानदार हसला. पावती मागितली तर म्हणाला, "जुन्या मालाची कसली पावती?" दुसऱ्या दुकानात मात्र वजनासकट पावती मिळाली आणि ज्या कंपनीच्या गाडीतून माल जातो तिचे नावही लिहून मिळाले. भाव थोडा कमी. त्या कमी पैशांत काय विकत घेतले ते आम्हाला माहीत आहे.

ज्यांच्या घरी बॅटरी पडून असेल त्यांनी ती उभीच ठेवावी, आडवी करू नये. खाली प्लॅस्टिकचे टोपले, दोन्ही टोकांना चिकटपट्टी. पांढरी बुरशी आली असेल तर हातमोजे घालून खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पुसावी. आम्ल घरी ओतू नये, मोरीत तर नाहीच. ती मोरी शेवटी कुणाच्या तरी उतरणाऱ्या पायांखाली उघडते आणि ते पाय कुणाचे हे आपल्याला २०१३ च्या कायद्यानंतरही मोजावे लागते.

जळक्या ऑइलचे लाड आपल्याकडे फार. वाळवीला लावा, दाराला लावा, खरूज झालेल्या कुत्र्याला चोपडा. त्या ऑइलात इंजिनातली झीज, धातू, जळालेल्या इंधनाचा अंश सगळे असते, ते कातडीतून आत जाते. झाकणाच्या कॅनमध्ये वेगळे ठेवायचे, त्यात कूलंट किंवा पेट्रोल मिसळायचे नाही, आणि अधिकृत ऑइल उचलणाऱ्याला माल देणाऱ्या गॅरेजला द्यायचे. कंपनीचे रिकामे कॅन भोक पाडून टाकावेत, नाहीतर त्यात बनावट ऑइल भरून पुन्हा बाजारात येते. कूलंट चवीला गोड असते, लेकराच्या हाती लागू देऊ नये. ब्रेक शूची धूळ फुंकायची नाही, जुन्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. सायलेन्सर, रेडिएटर हे बहुतांश धातू, ते खुशाल फेरीवाल्याला द्यावेत, त्याचा तो हक्काचा माल.

राहता राहिले टायर. ते वस्तीत पत्र्यावर वजन म्हणून चढतात, पावसाळ्यात त्यांत पाणी साचते आणि डेंग्यूचा डास त्यातच वाढतो. ठेवायचेच असतील तर बुडाला भोके पाडावीत. आणि एक गोष्ट कार्यकर्त्यांना खटकेल, पण लिहितो. रास्ता रोकोत टायर जाळणे आपण थांबवले पाहिजे. फोटो चांगला येतो हे मान्य. पण तो काळा धूर मंत्रालयात जात नाही, चौकाला लागून असलेल्या आपल्याच झोपड्यांत जातो.

गेल्या महिन्यापासून आमच्या विहारात रविवारच्या वंदनेनंतर लोक जुन्या बॅटऱ्या आणून ठेवतात. वजन करायला, वहीत नोंद करायला आक्काचा पोरगा बसतो. त्याचे रक्त तपासून घेतले, शिसे मर्यादेच्या बरेच वर निघाले. डॉक्टर म्हणाले, पहिला उपचार म्हणजे तिथून लांब ठेवा. भाचीचीही तपासणी करायची आहे. पावतीच्या दुकानाकडून येणारे पैसे सध्या त्याच्या हजेरीला पुरतात, निम्म्या दिवसाच्या. उरलेल्या निम्म्याचे काय, हे अजून जमलेले नाही. दहावीचा सतरा नंबरचा फॉर्म भरायला तो तयार नाही, म्हणतो वाचलेले राहत नाही.

शेडचा मालक आपल्याच वस्तीतला आहे. तो म्हणतो, दहा घरे माझ्यावर चालतात. खोटे नाही ते. १४ एप्रिलच्या जयंतीला सर्वांत मोठी वर्गणी त्याची असते आणि मंडळाच्या फलकावर त्याचा फोटो बाबासाहेबांच्या खालीच असतो. यंदा त्याची वर्गणी घ्यायची की नाही, हा विषय आम्ही मंडळाच्या बैठकीत मांडला. दोन तास वाद झाला. काही पोरे उठून गेली. पुढची बैठक येत्या शुक्रवारी आहे.

जय भीम.